चार शीलांनंतर

रेवस, १३ जानेवारी २०२५

जयमाला,

जय भीम.

आधी अक्षर बघ, मग मजकूर वाच. कागदाला रेघा नाहीत, तरी एकही ओळ खाली घसरलेली नाही. तू माझा नंबर बंद करून टाकलास ते बरंच झालं. फोनवर मी काय बोलायचो ते मला आठवायचं नाही आणि तुला आठवायचं, हा व्यवहार एकतर्फी होता. पत्राचं तसं नाही. ज्या दिवशी अक्षर थरथरलेलं दिसेल त्या दिवशी पुढे न वाचता फाडून टाक, माझी हरकत नाही.

रत्नपाल येऊन गेला. प्रज्ञाचं लग्न चार मेला, उरणलाच, तुमच्या तिकडच्या विहारात. मुलगा बंदरात क्रेनवर आहे, शांत आहे, घरचे समजूतदार आहेत. हे सगळं त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. मग पंख्याकडे बघून म्हणाला, "भावजी, तुम्ही यायचं, बसायचं, जेवायचं. लग्न दुसरे आचार्य लावतील. ताईनं सांगितलंय." तुझा भाऊ सज्जन आहे, पण निरोप्या म्हणून कच्चा आहे. पंखा बंद होता.

जयमाला, मी बौद्धाचार्य आहे. रेवसपासून किहीमपर्यंत ज्या घरात विचारशील त्या घरात एक तरी लग्न मी लावलेलं निघेल. पाली मला कोणी शिकवली नाही. दुकानात मोटारींचं वाइंडिंग करता करता, समोर पुस्तक उघडं ठेवून, एकेक उच्चार घासून मी ती शिकलो. वाइंडिंगही मला कोणी शिकवलं नाही, जळलेल्या मोटारी उघडून शिकलो. माझ्या मांडवात नवऱ्यामुलाचा उच्चार चुकला तर मी पुन्हा म्हणायला लावतो. लोक हसतात, "भागोजीच्या मांडवात नवरा नापास व्हतो" म्हणतात. हसू देत. शील घ्यायचं तर नीट घ्यावं. आणि मी स्वतःच्या पोरीच्या लग्नात खाली खुर्चीत बसून दुसऱ्याचे उच्चार ऐकायचे?

डिसेंबरातल्या त्या लग्नाची गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली असणारच. कोणी पोचवली तेही मला माहीत आहे. माझा घसा बसला होता. थंडी, त्यात दिवसभर वार्निशचा धूर. चार शीलं दिली आणि पाचव्याला आवाज फुटला नाही. पुढच्या रांगेतून आपल्या वाडीतल्या सोनाबाईनं ते म्हटलं, मांडवानं तिच्यामागून म्हटलं, लग्न लागलं. घसा कोणाचाही बसतो. पाचव्यालाच बसला, म्हणजे दारूच्याच शीलाला बसला, म्हणून लोकांना चघळायला मिळालं.

तेव्हा प्रज्ञाच्या लग्नाचा फेरविचार कर. चार मेला अजून वेळ आहे.

भागोजी


२७ जानेवारी

जयमाला,

तुझं उत्तर नाही. यावं असं मी लिहिलंही नव्हतं. तरी पोस्टमन दुकानावरून सायकल न थांबवता गेला की पुढची दुपार हाताला लागत नाही. आत्ता एक मोटार भट्टीत सुकायला ठेवलीय आणि तेवढ्यात लिहितोय. दोनदा उठून बघून आलो. बघण्यासारखं काही नसतं, वार्निश आपल्या वेळेला सुकतं.

सांगायचं ते सांगतो. मी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागलोय.

लाँचच्या तिकीटखिडकीशेजारी एक कागद डकवलेला होता. वर्षभर तरी असेल. 'दारू सोडण्याची ईच्छा असल्यास' लिहिलं होतं. मी पेन काढून 'इच्छा' केलं. पेन हातात होतंच, म्हणून खालचा नंबर हातावर लिहून घेतला. फोन लावला तर पलीकडचा माणूस विचारतो, "स्वतःसाठी की कोणासाठी?"

म्हटलं, "एका ओळखीच्या गृहस्थांसाठी."

"मग त्यांनाच पाठवा."

"ते एकटे यायचे नाहीत."

"तुम्ही सोबत या ना मग. तुम्ही आलात की ते आलेच समजा."

हसला नाही, पण हसल्यासारखा श्वास ऐकू आला. मला राग आला आणि त्या रागात मी पत्ता लिहून घेतला.

कुठे भरते ते लिहीत नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असा त्यांचा नियम आहे. एका शाळेत, दुसरीच्या वर्गात. बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीशी येतात. भिंतीवर फळांची चित्रं, फळ्यावर शनिवारची वजाबाकी तशीच. चहा कागदी कपातून. एकेक जण उभा राहतो, फक्त नाव सांगतो आणि म्हणतो, मी दारुडा. मी सुचवलं की 'मद्यासक्त' म्हणावं, जास्त अचूक आहे. एक म्हातारा म्हणाला, "मद्यासक्त म्हणलं की बायकोला वाटंल कायतरी पदवी भेटली." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण बाकातून पाय निघत नव्हता.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही ती नाहीच. सुरुवातीला सगळे उभे राहून 'परमेश्वरा' म्हणून प्रार्थना करतात. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. ज्या माणसानं मांडवामांडवात बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या तो माणूस दारूसाठी देवाकडे हात पसरणार नाही. त्या बावीसांत दारूचीही एक आहे हे मला माहीत आहे, आठवण करून द्यायला नको.

व्हरांड्यात एक बाई चहाचा कप घेऊन आल्या. त्यांना मी अनुसूयाबाई म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. किहीमकडच्या, नारळाच्या मोठ्या वाडीवाल्या घरातल्या. त्यांचा पंप मीच बघतो. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी माझा चहा विहिरीच्या काठावर ठेवला होता आणि मी तो तिथेच ठेवून आलो होतो. त्या दिवशी येताना वाटेत आम्ही दोघांनी एकमेकांना न ओळखल्यासारखं केलं होतं. आणि शेवटी एकाच वर्गाच्या दाराशी!

कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आत देवाचं चाललंय म्हणून बाहेर का?"

म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग तेवढा वेळ नारळ मोजा समोरचे. पण संपलं की आत या. मी गाभाऱ्यात उभं राहून कितीदा शपथा घेतल्या, माझी नाही सुटली. देव असून माझं अडलं. नसल्यामुळे तुमचं अडेल असं मला वाटत नाही."

जन्मभर चहात ब्रँडी घालून प्यायल्या आणि घरात कोणाला कळलं नाही, असं नंतर आत सांगत होत्या. मी चहा प्यायलो. नुसता चहा होता.

दुसरं, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची नवी गिरणी झाली म्हणे. तिच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय, आवाज स्वच्छ येतो. मालकाला सांग, नाहीतर महिन्याभरात मोटार जाळून घेईल.

भागोजी


१० फेब्रुवारी

जयमाला,

आजचं अक्षर बघू नकोस.

वार्निशच्या डब्यात जे होतं ते खाडीत ओतलं. आज ओतलं. काल ओतायला हवं होतं.

भागोजी


२४ फेब्रुवारी

जयमाला,

मागचं पत्र फाडलंस की ठेवलंस? ठेवलं असशील तर फाड. फाडलं असशील तर बरं केलंस. हे दोन्ही एकाच दमात लिहितोय, कारण मला कळत नाही काय हवंय ते.

झालं ते असं. रत्नपालच्या मुलाने लग्नाची पत्रिका गावातल्या पोरांच्या फोनवर पाठवली. एकाने पंप घेऊन येता येता मला दाखवली. 'आपला नम्र' खाली माझं नाव आहे, व्यवस्थित आहे, शुद्धलेखन बरोबर आहे. 'मंगलविधी' पुढे दुसऱ्याचं नाव आहे. मी पोराला म्हटलं, "छान छापलीय." आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

डब्याचं तुला माहीत आहे, दारू त्यातच असायची. इन्सुलेशन वार्निशच्या वासापुढे दुसरा कुठला वास टिकत नाही. इतकी वर्षं तू म्हणायचीस, "तुमच्या अंगाला कसला हा वास," आणि मी म्हणायचो, धंद्याचा. पांढरे कपडे घालून लग्न लावायला निघताना मी दोन बोटांना वार्निश लावून जायचो. लोक म्हणायचे, आचार्य सुट्टीच्या दिवशीही काम करतात.

डबा ओतल्यानंतरच्या रविवारी मीटिंगला जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेलो. का गेलो विचारू नकोस, घरात बसवत नव्हतं आणि दुकानात त्याहून नाही. उभा राहून म्हटलं, "मी पुन्हा घेतली." मला वाटलं, कोणीतरी चुकचुकेल, मग मी त्याला दोन शब्द सुनावेन आणि तडक निघेन. कोणी चुकचुकलं नाही. कोपऱ्यातल्या एकाने बाकावर सरकून जागा केली. सुनावायला माणूसच मिळेना.

चहाच्या वेळेला व्हरांड्यात मागून आवाज आला, "सर."

बंदराच्या ट्रेलरवर असतात तसला आडदांड गडी, डोळे खाली. म्हणाला, "ओळखलं न्हाय ना? बरं झालं. मी तर तुम्हाला बघूनच पळणार होतो."

"का?"

"तुम्ही माझं लग्न लावलंय सर. मी हितेश."

तुला आठवेल, पेणकडची मुलगी, मांडव उडाला होता वाऱ्याने. त्याने स्वतःच सांगितलं, बाईंना माझं नाव लिहा, मला लपवायचं नाही. म्हणून लिहितोय.

"पाचवं शील तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं," म्हणाला. "उच्चार चुकतो म्हणून. सगळा मांडव हसत होता. आमची ही अजून चिडवते. आणि नेमकं तेच मोडलं मी. तुम्ही आत आलात तेव्हा डोक्यात एकच, हा माणूस आता विचारणार, काय रे, तीनदा म्हणून पण?"

  कपातला चहा संपवला. कप चुरगळला. टाकायला डबा शोधला. परत आलो तर तो तसाच उभा, शिक्षा ऐकायला उभा राहावं तसा.

मग म्हटलं, "हितेश, तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं ना, तेव्हा मीच घेतलेली होती."

 आधी त्याला कळलंच नाही. मग खांद्यापासून हलायला लागला आणि इतक्या मोठ्यानं हसला की वर्गातले सगळे बाहेर आले. "आयला! म्हणजे पोरगा नापास, आन मास्तर कॉपी करत व्हता!" अनुसूयाबाईंच्या हातातला चहा हिंदकळला. मला आधी अपमान वाटला. जयमाला, मग मीही हसलो. पोट दुखेपर्यंत. शेवटचं असं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

परतताना वाटभर तो अपमान पुन्हा बाहेर काढून बघत होतो. सापडला नाही.

भागोजी


२४ मार्च

जयमाला,

मागच्या पत्रांत तीन गोष्टी लपवल्या. आज सलग लिहितो, उठणार नाही. मोटारीचं काम उद्यावर टाकलंय.

पहिली. मीटिंग उरणला भरते. अलिबागलाही एक आहे, जवळ आहे. पण तिथे जाणारा प्रत्येक रिक्षावाला मला ओळखतो. म्हणून दर रविवारी रेवसहून लाँचने खाडी ओलांडून करंजाला उतरतो. अनुसूयाबाईंनीही तोच हिशोब केला होता. पहिल्या दिवशी त्या लाँचच्या पुढच्या टोकाला नाळेकडे, मी मागच्या टोकाला, दोघेही पाण्याकडे तोंड करून. आता शेजारी बसतो. ओहोटीला गाळात लाँच अडकली की त्या पिशवीतून शेंगदाणे काढतात आणि मला पंपाच्या तक्रारी सांगतात.

दुसरी. तुमच्या गल्लीत मी गेलोय. गिरणीचं बेअरिंग कोणी 'म्हणे' सांगितलं नव्हतं, मी स्वतः ऐकलं. तू वाकटी घेत होतीस. कोळणीशी घासाघीस करत होतीस आणि दोघी हसत होतात. मी गिरणीच्या आडोशाला उभा होतो, गव्हाचं पीठ अंगावर उडत होतं. हाक मारली असती तर तुझं हसणं थांबलं असतं. म्हणून नाही मारली. तू मला एकदा म्हणालीस ते त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं. मी बढाई मारत होतो की मी बायकोवर कधी हात उचलला नाही. तू म्हणालीस, "उचलला असतात तर निदान लोकांना दाखवता आलं असतं." तेव्हा मला ते वाक्य मुद्देसूद वाटलं नव्हतं.

तिसरी. घसा बसला नव्हता.

त्या दिवशी सगळ्यांना वाटलं की आचार्य इतके प्यायलेत की शील विसरले. तुलाही तसंच कळलं असेल. खरं उलटं आहे. त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. आदल्या आठवड्यात तू घर सोडून गेली होतीस. सकाळी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. वाटलं, आज नको, आज एकदा कोऱ्या तोंडानं लावून बघू. बोटांना वार्निशही लावलं नाही.

इतकी वर्षं पिऊन पाचवं शील कसं तोंडातून गुळगुळीत यायचं! एकही मात्रा हलायची नाही. त्या दिवशी नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत समोर हात जोडून, मागे सगळी वाडी. चारही शीलं दिली. पाचव्याचा पहिला शब्द जिभेवर आला आणि मला ऐकू आलं, मी काय म्हणणार आहे ते. पहिल्यांदा ऐकू आलं. माझे हात कापत होते, न पिण्याने कापत होते, आणि लोक बघत होते पिण्याने कापतात म्हणून. तोंड उघडं आणि आवाज नाही. मांडव थांबला. मग सोनाबाई पुढच्या रांगेतून स्वतःच सुरू झाली. तिचे उच्चार तुला माहीत आहेत, निम्मे शब्द ती आपल्या वाडीचे करून टाकते. अख्ख्या मांडवानं ते तसेच म्हटले. कोणाचं काही अडलं नाही.

जेवणाच्या पंगतीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आचार्य, तुमचा घसा बसला व्हता, व्हय ना? म्हनून मी म्हनलं." आणि माझ्या पानात स्वतःच्या पानातला लाडू ठेवला. तिला माहीत होतं. घशाचं कारण तिनं मला दिलं, आणि मी ते तुला पहिल्या पत्रात उचलून लिहिलं.

हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा हितेश म्हणाला, "सर, ह्ये बायकोला सांगितलं का? सांगा. न्हाय पटलं तरी सांगा." पटायचं नाही हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी प्यायलो नव्हतो त्याच दिवशी मला दारुड्या ठरवलं, याचा पुरावा मी कुठून आणू? आधी वाटायचं, पुरावा मिळेल तर बरं. आता तेवढी घाई नाही. अर्थात आहे. थोडी आहे.

भागोजी


२१ एप्रिल

जयमाला,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी ते दुकानात उभ्यानं वाचलं, मग घरी येऊन बसून वाचलं, मग धक्क्यावर नेऊन वाचलं. ओळी चारच राहिल्या.

तू लिहितेस की तू मला पहिल्याच महिन्यात पाहिलं होतंस. शाळेसमोरून जाताना, व्हरांड्यात उभा, नारळांकडे बघत. आणि तुला वाटलं, हा माणूस दारापर्यंत येतो आणि आत जात नाही, पत्रात मात्र मीटिंगच्या गोष्टी रचतो. पुढच्या दोन रविवारीही तसाच दिसलो. आतली प्रार्थना तुला रस्त्यावरून कशी ऐकू जाणार? तुला फक्त बाहेर उभा असलेला नवरा दिसला. मी माझ्या तत्त्वाला सांभाळत होतो आणि तुझ्या मनात खोटारडा ठरत होतो. हे वाचून मला आधी तुझा राग आला, मग माझा.

मागच्या एका रविवारी तू गिरणीत दळण ठेवून मीटिंग सुटेपर्यंत थांबलीस, हे मात्र मला कळलं नाही. मी हितेशबरोबर बाकं जागेवर लावून सगळ्यात शेवटी बाहेर आलो, तेव्हा तू समोर होतीस म्हणे. आणि मी इकडेतिकडे न बघता लाँच गाठायला पळालो. बघितलं असतं तर! पण तुझ्या पत्रात पुढे आहे ते मला मिळालं नसतं कदाचित.

आता व्हरांड्यात उभा राहत नाही, हेही लिहून ठेवतो. प्रार्थनेच्या वेळी आत माझ्या बाकापाशी उभा असतो, तोंड बंद. माझ्या शेजारी अनुसूयाबाई डोळे मिटून म्हणत असतात. त्यांचं संपलं की कोपरानं ढोसतात, "झालं, बसा."

आता तुझी शेवटची ओळ. 'प्रज्ञाचा हट्ट आहे की तुम्हीच लावा, माझी ना नाही.'

जानेवारीपासून मी ह्या एका ओळीची वाट बघत होतो. ती हातात आल्यावर दोन दिवस मला धड झोप नाही की जेवण नाही. पुस्तक काढलं. पांढरा सदरा इस्त्रीला दिला. आरशासमोर एकदा सगळं म्हणून बघितलं. पाचवंही आलं, स्वच्छ आलं. आणि तरी उत्तर लिहायला बसलो तर हात 'येतो' लिहीना.

चौदा एप्रिलला वाडीत वंदनेला मला बोलावलं होतं. मी सोनाबाईला पुढे केलं. ती म्हणाली, "अवो, माझं उच्चार वाकडं. तुम्हीच तर पोरांना नापास करता." म्हटलं, "आज मी पोरांतच उभा राहतो." ती शीलं देत गेली आणि मी खाली, चपला काढलेल्या जागी, पोरांच्या मागे उभा राहून तिच्यामागून म्हणत गेलो. तीन ठिकाणी तिचा उच्चार चुकला. मी तसाच चुकीचा म्हटला. मुद्दाम. पाचवं आलं तेव्हा मला कळलं की हे मी आजवर कधी केलंच नव्हतं. शील दिलं, शेकडो लोकांना दिलं. कोणाकडून घेतलं असं कधी नाही. देणारा उंचावर उभा असतो, त्याच्या तोंडाकडे सगळे बघतात, त्याच्या मागून म्हणतात. तो कोणाच्या मागून म्हणत नाही.

म्हणून प्रज्ञाला सांग, मी लग्न लावणार नाही. तिला वाईट वाटेल. तिला सांग की बाबा नाराज नाहीत, पत्रिकेवर चिडलेलेही नाहीत. पत्रिकेत ज्यांचं नाव आहे त्या आचार्यांना मी स्वतः फोन केला. सुशिक्षित माणूस आहे. उच्चार ठीक आहेत, एक-दोन अक्षरं सोडली तर. त्यांना काही सांगितलं नाही. फक्त विनंती केली की त्रिसरण-पंचशील सोनाबाईला देऊ द्या, बाकी विधी तुम्ही करा. ते म्हणाले, "तुम्ही बाप आहात, तुमचा मान." सोनाबाईला मी लग्नाच्या रविवारी लाँचने घेऊन येतो. तिला लाँचची भीती वाटते, पण लुगडं नवं घेतलंय तिनं, आता मागे हटायची नाही.

अनुसूयाबाई आणि हितेश येतील. कोण म्हणून ओळख करून द्यायची ते ठरलेलं नाही. हितेश म्हणतो, "सांगा, एकाच वर्गात आहोत."

मी कन्येचा बाप म्हणून खाली, बापाच्या जागी उभा राहीन. तिथे आईची जागाही असते. ती रिकामी ठेवणार नाहीस एवढं मला माहीत आहे, पण किती अंतरावर उभी राहशील ते माहीत नाही. ते तुझ्याकडे. मी एवढंच मागतो: पाचवं शील सुरू झालं की प्रज्ञाकडेच बघ, माझ्याकडे नको, माझे हात कापतील कदाचित. नुसतं ऐक. आणि ऐकू येईल इतक्या जवळ उभी राहा.

भागोजी